रूळ एक, इंजिने अनेक : लघुरेल्वेच्या डिजिटल सामग्रीची निवड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या सभागृहात मुलांसाठी कसारा-इगतपुरीच्या घाटाची एक लघुरेल्वे उभारावी असा ठराव कार्यकारिणीने केला आहे, आणि वर्गणीतून त्यासाठी काही रक्कमही बाजूला काढून ठेवली आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. डोंगर कशाचे करावेत, बोगदे किती असावेत, दऱ्यांत झाडी कोणती लावावी, याविषयी उत्साही सल्लागारांची आपल्याकडे वाण नाही. परंतु गाड्या चालवणारी विद्युत्सामग्री कोणती घ्यावी, या प्रश्नापाशी आले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. म्हणून अध्यक्षांनी हा विषय माझ्याकडे सोपवला. मी इंजिनियर नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालेला आणि केंद्र सरकारच्या फायलींत केस पिकवलेला माणूस. लघुरेल्वेचा छंद मात्र गेली काही वर्षे घरी जोपासला आहे. शिवाय खरेदीच्या निविदा वाचता वाचता एक खोड अंगी जडली आहे. वस्तू उत्तम आहे की नाही हे विचारण्यापूर्वी ती आपल्याकडे असलेल्या वस्तूंशी जुळेल की नाही, हे मी आधी विचारतो.

आणि हा प्रश्न आपल्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण ही रेल्वे एका घरची नाही. एखादा हौशी गृहस्थ आपल्या माडीवर लेआउट मांडतो तेव्हा तो एकाच कंपनीचा सगळा संच आणतो आणि निर्धास्त होतो. आपल्याकडे एका सभासदांच्या चिरंजीवांनी जर्मनीहून इंजिन आणले आहे, दुसऱ्यांच्या भगिनींनी इंग्लंडहून पाठवले आहे, तिसऱ्यांचे अमेरिकेतून आलेले आहे, आणि दोन तरुणांनी भारतीय डिझेल इंजिनाचा सांगाडा छापून तो परदेशी चाकांवर बसवला आहे. ही सारी मुले आपापले इंजिन घेऊन येणार आणि ‘आमचे घाटात चालवा’ म्हणणार. आपली निवड चुकली तर त्यातील निम्मी इंजिने पेटीतच राहतील, आणि मंडळाच्या पैशातून उभारलेली रेल्वे फक्त दोनचार घरांची होऊन बसेल.

वस्तुतः या प्रश्नाची ओळख आपल्याला जुनी आहे. उत्तरेकडून सुट्टीत घरी जाताना इटारसी, भुसावळ, मनमाड करीत गाडी इगतपुरीला येई आणि तेथे बराच वेळ थांबे. आपण वडापाव घेत असू, आणि पुढे इंजिन बदलत असे. ते का, याचा विचार फार थोडे प्रवासी करीत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसी विजेवर. पुढे तीच पद्धत घाट चढून इगतपुरीपर्यंत आली. नंतरच्या काळात देशाने २५,००० व्होल्ट एसीची पद्धत स्वीकारली, आणि इगतपुरी ही दोन विजांची वेस होऊन बसली. अलीकडचे इंजिन पलीकडे निरुपयोगी! यावर तोड म्हणून १९७० च्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने बांधण्यात आली. मुंबईकडील डीसी मार्ग टप्प्याटप्प्याने बदलत गेले, आणि ते काम पुरे व्हायला २०१६ साल उजाडले. १९२५ मध्ये केलेली निवड, तीही त्या काळी अगदी योग्य असलेली, ९१ वर्षे पाठीशी राहिली. आपल्याला हाच घाट टेबलावर करावयाचा आहे. इगतपुरीची वेस मात्र त्यात नको.

आता मूळ विषयाकडे वळतो. जुन्या पद्धतीत रुळांना शून्य ते बारा व्होल्ट डीसी वीज देत. व्होल्ट वाढवले की गाडी जोरात, धन-ऋण उलटवले की गाडी मागे. समजायला सोपे, पण त्यात हुकूम रुळाला असतो, इंजिनाला नसतो. एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम निघतात. एकाला थांबवून दुसरे पुढे न्यावयाचे तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागते. घाटात पुढे गाडीचे इंजिन आणि मागे रेटा देणारी बँकर इंजिने, हा तर थळ घाटाचा आत्माच आहे. ३७ फुटांस एक फूट अशी ती चढण. हे दृश्य जुन्या पद्धतीने दाखवणे फार कटकटीचे.

डिजिटल पद्धतीत रुळांवर पूर्ण दाबाची वीज सतत खेळत असते आणि त्याच विजेतून सांकेतिक निरोप जातात. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची एक नखाएवढी पट्टी असते आणि तिला एक क्रमांक असतो. निरोपात क्रमांक आपला नसेल तर ती गप्प बसते. आपला असेल तर हुकमाप्रमाणे मोटार फिरवते, दिवा लावते, शिट्टी वाजवते. टपालाचेच उदाहरण घ्या ना. पोस्टमन साऱ्या गल्लीतून जातो, पण पत्र ज्याच्या नावाचे त्यालाच मिळते. हे निरोप विजेची दिशा भराभर उलटवून लिहिले जातात. प्रत्येक अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, सुमारे १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘शून्य’. निरोपाच्या शेवटी पडताळ्याचा एक अंक असतो. आमच्या हिशेबनीसांच्या गोळा-बेरजेसारखा. तो जुळला नाही तर डीकोडर तो निरोप सोडून देतो आणि पुढच्याची वाट पाहतो.

ही भाषा सर्वांची एक असावी ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीने १९८० च्या सुमारास झीरो-वन नावाची पद्धत बाजारात आणली. सोळा इंजिने स्वतंत्रपणे चालवण्याची सोय तीत होती आणि त्या काळी ती मोठी नवलाई होती. पण तिची भाषा इतर कुणाची नव्हती. काही वर्षांत ती बंद पडली आणि ज्यांनी घेतली होती त्यांना सुटे भाग मिळेनासे झाले. जर्मनीत मेर्कलिन कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यावर आपली डिजिटल पद्धत काढली; ती मोटोरोला कंपनीच्या चिपांवर आधारलेली. त्याच काळात गिसन येथील लेन्झ कंपनीने दोन रुळांच्या गाड्यांसाठी वेगळी पद्धत तयार केली. अमेरिकेत लघुरेल्वेच्या छांदिष्टांची एनएमआरए नावाची संस्था १९३५ पासून आहे. चाके आणि रूळ यांची मापे ठरवण्याचे काम ती पूर्वीपासून करीत आली होती. तिने लेन्झची पद्धत पायाभूत धरून १९९४ मध्ये डीसीसी हे प्रमाण जाहीर केले, आणि ते सर्वांना खुले ठेवले. कंपन्यांनी नव्हे, तर खेळणाऱ्यांच्या संस्थेने प्रमाण ठरवावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. असो.

तेव्हा पहिला निर्णय सोपा आहे : आपली पद्धत डीसीसी असावी. परंतु ‘डीसीसी’ ही तीन अक्षरे पेटीवर पाहिली म्हणजे सगळे जुळलेच, असे कृपा करून समजू नये. लग्नात पत्रिका जुळली तरी संसार जुळतोच असे नाही, हे येथील वडीलधाऱ्यांना मी सांगावयास नको. डीसीसीचा करार रुळावर आहे. कमांड स्टेशनने रुळात घातलेला निरोप कोणत्याही कंपनीच्या डीकोडरला समजला पाहिजे, एवढेच त्यात ठरले आहे. रुळाच्या अलीकडे, म्हणजे हातातला कंट्रोलर आणि कमांड स्टेशन यांच्यामध्ये कोणती तार असावी व तिच्यावरून कोणत्या भाषेत बोलावे, हे त्यात ठरलेले नाही. तेथे प्रत्येकाचे घराणे वेगळे. लेन्झचे एक्सप्रेसनेट, डिजिट्रॅक्सचे लोकोनेट, आणखीही आहेत. एका घराण्याचा कंट्रोलर दुसऱ्याच्या स्टेशनात घातला तर खुंटी कदाचित बसेल, संभाषण व्हायचे नाही. त्याचप्रमाणे गाडी कोणत्या भागात उभी आहे हे इंजिनाने उलट कळवण्याचीही सोय असते. त्यातही लेन्झचे रेलकॉम एक आणि डिजिट्रॅक्सचे ट्रान्सपाँडिंग दुसरे.

म्हणून पैसे कोठे जपून खर्चावेत, हे यावरूनच ठरते. इंजिनातले डीकोडर निरनिराळ्या कंपन्यांचे असले तरी बिघडत नाही. ज्याला जो परवडेल तो त्याने घ्यावा. कमांड स्टेशन मात्र एकदाच आणि विचारपूर्वक घ्यावे, कारण पुढचे सगळे कंट्रोलर, जादा बूस्टर आणि गाडी ओळखणारी यंत्रे त्याच्या घराण्याने बांधली जातील. माझे मत असे की, एकाहून अधिक घराण्यांच्या तारा ज्यात जोडता येतात असे स्टेशन घ्यावे. रोको-फ्लाइशमनचे काळे झेड-ट्वेंटीवन हे त्याचे एक उदाहरण. त्यात एक्सप्रेसनेटही आहे, लोकोनेटही आहे, आणि मुलांच्या वडिलांचा मोबाइल फोनच कंट्रोलर म्हणून वापरता येतो. आपल्याकडे पाच-सहा कंट्रोलर परदेशातून मागवण्याचा खर्च त्यामुळे वाचेल, ही गोष्ट खजिनदारांनी ध्यानात घ्यावी.

येथे तरुण मंडळी म्हणतील, की डीसीसी-ईएक्स नावाची एक खुली योजना आहे, तीत अर्डुइनोच्या साध्या पट्टीवर स्वतःच कमांड स्टेशन तयार करता येते, आणि तेही थोडक्या पैशांत. त्यांचे म्हणणे खरे आहे. ते स्टेशन प्रमाणाला धरून चालते, आणि जेएमआरआय या खुल्या संगणक-कार्यक्रमाशीही जुळते. घरी करणाऱ्याला मी तेच सुचवीन. पण मंडळाची गोष्ट निराळी. आपल्यातील निम्मे सभासद बदलीचे धनी. आज ज्याने ते जोडले तो दोन वर्षांनी गुवाहाटीला किंवा कोचीला गेला, की मागे राहिलेल्यांना कोणती तार कशाला लावली हेसुद्धा कळावयाचे नाही. छापील पुस्तिका असलेले, कोणालाही पाहून जोडता येईल असे तयार स्टेशन सार्वजनिक जागेत बरे. तरुणांनी डीसीसी-ईएक्सचा संच शेजारच्या टेबलावर अवश्य करावा. डीकोडर तपासण्यास आणि त्यात क्रमांक भरण्यास तो फार उपयोगी पडेल.

आता घरोघरच्या इंजिनांकडे. जर्मनीहून आलेले इंजिन कोणते, हे प्रथम पाहावे. ते मेर्कलिनचे तीन-रुळी असेल तर त्याच्या पोटाखाली एक लांब पट्टी दिसेल. रुळांच्या मधोमध असलेल्या खुंट्यांवरून ती वीज घेते. त्याच्या दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विजेने अलग केलेली नसतात. आपल्या दोन-रुळी मार्गावर ते ठेवताक्षणी शॉर्टसर्किट होईल. त्यातील डीकोडरला डीसीसीची भाषा येत असेल, अलीकडच्या अनेकांना ती येतेही. पण येथे अडचण भाषेची नाही, पायांची आहे. त्याच कंपनीचा ट्रिक्स हा दोन-रुळी प्रकार मिळतो. यापुढे कोणी जर्मनीहून आणणार असेल तर तो आणावा. ज्यांचे इंजिन आधीच आलेले आहे त्यांनी खट्टू होऊ नये. घाटाखाली कसाऱ्याच्या अंगणात तीन-रुळी मार्गाचे एक छोटे स्वतंत्र वर्तुळ करता येईल. ते आपण करावे असे मला वाटते, कारण एका मुलाचे इंजिन बाहेर ठेवून उत्सव कसला?

इंग्लंडचे इंजिन ओओ मापाचे, म्हणजे सुमारे १:७६, आणि अमेरिकेचे एचओ, म्हणजे १:८७. पण दोन्हींच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटरच असल्याने ती एकाच मार्गावर धावतात. शेजारी उभी केली तर इंग्रज जरा थोराड दिसतो इतकेच. (आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरचा, तो १:८७ ने सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या जवळ जातो; त्यामुळे भारतीय नमुने या रुळांवर अंमळ अरुंद उभे राहतात. शास्त्र्यांनी याकडे काणाडोळा करावा.)

पेटीवरील एका शब्दाने पुष्कळांची फसगत होते. ‘डीसीसी रेडी’ याचा अर्थ डीकोडर बसवलेला आहे असा नव्हे. तो बसवण्याची जागा ठेवली आहे, एवढाच. बसवलेला असेल तर ‘डीसीसी फिटेड’ किंवा तत्सम शब्द असतो. आणि जागाही एक प्रकारची नसते. आठ खुंट्यांची एनईएम ६५२, लहान इंजिनांत सहा खुंट्यांची एनईएम ६५१, नव्या इंजिनांत एकवीस खुंट्यांची २१-एमटीसी, कोठे प्लक्स, कोठे नेक्स्ट-१८. डीकोडर मागवण्यापूर्वी झाकण उघडून खुंट्या मोजाव्यात, किंवा पुस्तिकेतील पान पाहावे. डीकोडरमध्येही काही एकाच भाषेचे आणि काही बहुभाषी असतात. बहुभाषी म्हणजे आपले डब्ल्यूसीएएम इंजिनच म्हणा ना. त्यांना डीसीसी, मोटोरोला अशा अनेक पद्धती कळतात, पण त्यासाठी पैसे अधिक पडतात. आपला मार्ग एकभाषी असल्याने साधा डीकोडर पुरे.

जुन्या इंजिनांचे प्रकरण मात्र नाजूक आहे. ज्यांत जागाच नाही अशा इंजिनाच्या मोटारीची एक बाजू पुष्कळदा लोखंडी सांगाड्याला, आणि त्यातून सरळ रुळाला जोडलेली असते. ती तोडून मोटार दोन्ही बाजूंनी अलग केल्याशिवाय डीकोडर जोडला तर तो पहिल्याच क्षणी जळतो. तसेच, मोटार अडकली असता ती किती वीज खाते हे मोजून घ्यावे. बारा व्होल्ट देऊन चाके क्षणभर हाताने धरावीत आणि मीटर पाहावा. तो आकडा डीकोडरवर लिहिलेल्या अँपियरपेक्षा कमी हवा. एचओच्या डीकोडरला साधारण एक अँपियर झेपतो. जुन्या मोटारी त्याहून अधाशी असू शकतात. बिनडीकोडरचे इंजिन ‘शून्य’ क्रमांकावर चालवण्याची युक्ती काही स्टेशनांत असते. ती वापरू नये. मोटार गुणगुणते, तापते, आणि नाजूक मोटार निकामी होते.

सगळे बसवून झाले आणि इंजिनाचा पुढचा दिवा वेगाबरोबर उघडमीट करू लागला, तर घाबरून ते परत पाठवू नये. स्टेशन वेगाच्या २८ पायऱ्या मोजत आहे आणि डीकोडर १४, एवढाच तो बेबनाव. डीकोडरच्या २९ व्या कोठ्यातील आकडा बदलला की तो मिटतो. बँकर इंजिनांसाठी याहून थोडे अधिक कष्ट पडतील. निरनिराळ्या कंपन्यांचे डीकोडर एकाच पायरीवर निरनिराळ्या वेगाने धावतात, आणि मग मागचे इंजिन पुढच्याला ढकलून डबे रुळांवरून उतरवते. २, ५ आणि ६ या कोठ्यांत आरंभीचा, कमाल आणि मधला वेग भरून त्यांची चाल जुळवून घ्यावी. एक संध्याकाळ लागेल, पण तीन इंजिने एका दमात घाट चढताना पाहिली की ती सार्थकी लागेल.

विजेचा हिशेब थोडक्यात सांगतो. चालते इंजिन सुमारे अर्धा अँपियर घेते, आवाजाचे असेल तर अधिक. तीन अँपियरच्या स्टेशनावर पाच इंजिने बेताने चालतील. पुढे बूस्टर लागेल हे गृहीत धरून तारा आतापासूनच जाड घालाव्यात. अमेरिकेतून आलेला वीजसंच १२० व्होल्टचा तर नाही ना, हे आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत खुपसण्यापूर्वी वाचावे. मार्ग तयार झाला की घाटाच्या अगदी टोकाला दोन रुळांवर एक रुपयाचे नाणे आडवे ठेवावे. स्टेशनने तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तारा अपुऱ्या आहेत. आणि त्या दिवशी मुलांना आत सोडू नये. घाटाच्या दोन्ही टोकांना गाडी वळवून परत आणणारा वळसा आपण घेणार आहोत. तेथे डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो, म्हणून त्या दोन जागी आपोआप दिशा उलटवणारे यंत्र लागेल. ते अंदाजपत्रकात घातलेले नाही, ते घालावे.

राहता राहिले क्रमांक. कारखान्यातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डीकोडरला ३ हा क्रमांक दिलेला असतो. उद्घाटनाच्या दिवशी दहा मुलांनी दहा इंजिने रुळावर ठेवली, तर एकाच हुकमाने दहाही धावत सुटतील आणि कसाऱ्यापाशी जो ढीग होईल त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. मोठे क्रमांक १०,२३९ पर्यंत देता येतात. माझी सूचना अशी की प्रत्येक घराने आपला सभासद क्रमांक घ्यावा आणि त्यापुढे १, २, ३ असा इंजिनाचा आकडा जोडावा. सभासद ४७ चे पहिले इंजिन ४७१, दुसरे ४७२. यासाठी एक वही घालावी. तीत क्रमांक, डीकोडरची कंपनी, जागेचा प्रकार आणि मोजलेले अँपियर लिहावेत. बदली झालेल्या सभासदाने जाताना आपली नोंद तपासून सही करावी.

वही मी आणली आहे; ती दाराशी चिटणिसांच्या टेबलावर आहे. ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांनी आज जाताना तीत घराचे नाव लिहावे, आणि पोटाखाली पट्टी आहे की नाही एवढे तरी नोंदवावे. म्हणजे कसाऱ्याचे ते लहान वर्तुळ किती मोठे करावयाचे, हे सुतारांना येत्या रविवारी सांगता येईल.